मनुबाईचं हाड मी कापलं

मनुबाई दवाखान्याच्या दारातून आत आली, तेव्हा तिच्या डोक्यावरची मासळीची पाटी एका बाजूला कलली होती. एवढंच. पण माझ्या पोलादी अंगातसुद्धा धस्स झालं.

मी एक छिन्नी. सुताराची नव्हे हं, हाड कापायची! महायुद्ध संपल्यावर लष्कराचं जुनं सामान विकायला निघालं, त्यातून मी ठाण्याच्या या दवाखान्यात आले. स्वभावाने भित्री. कुणी हातोडी उचलली की मी आधीच दचकते.

चेंदणी कोळीवाड्यातल्या मनुबाईची नडगी मोडली, तेव्हा हाडवैदाने बांबूच्या कामट्या बांधून पाय छान बसवला होता. पण तेवढ्यात नारळी पौर्णिमा आली, आणि ही बाई कामट्यांसकट नाचली! हाड वाकडंच जुळलं.

"चार दिवस गप्प बसवेना का तुला?" आमच्या डॉक्टर उत्तराबाई रागावल्या.

"नारली पुनवेला घरान बसू? दर्याला काय सांगू मंग?" असं ठणकावून मनुबाई एकदम हळू झाली. "बाय, पाटी घेऊन फिरता येल ना गो मना? दुसरा कायपन येत नाय."

हाड पुन्हा कापून सरळ करायचं ठरलं. पण कशाने?

"माझ्याशिवाय कोण?" शेजारची करवत फणकारली. "तू ठोके खाशील आणि हाडाला उभी चीर पाडशील!"

तिचं खोटं नव्हतं.

उत्तराबाई मात्र नर्स हौसाबाईंना सांगत होत्या, "करवतीने काप सरळ येतो, पण घासून हाड तापतं. भाजलेल्या कडा लवकर सांधत नाहीत. आधी गिरमिटाने भोकांची रांग पाडू. मग छिन्नीने ती भोकं जोडू. हाडाला वाट आखून दिली, की ते भलतीकडे फुटत नाही."

पहिला ठोका पडला. मी थरथरले. दुसरा पडला. एका भोकातून पुढच्या भोकात मी अलगद सरकत गेले. टक्! हाड सुटलं. चीर नाही, कपचा नाही!

करवतबाईचाही मान आहेच. पाय काढायचा असेल, तर तीच हवी. पण हाड पुन्हा जुळायला हवं असेल, तर लोकहो, मला विसरू नका.

हाड सरळ बसवून घातलेलं प्लास्टर काही महिन्यांनी निघालं. मनुबाई हळूहळू चालू लागली. आज मी उकळत्या पाण्यातून निघून खिडकीशी वाळत होते, तर ती रस्त्यावर! पाय सरळ, पाटी सरळ.

"कोलंबी घ्या गो, ताजी कोलंबी!"

एकही दार उघडेना. इतक्या महिन्यांत गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली असतील का? मी पुन्हा घाबरले.

तिने पुन्हा हाळी दिली.

समोरच्या माडीवरची खिडकी धाडकन उघडली. "अगं मनू! होतीस कुठे इतके दिवस? थांब, भांडं घेऊन आलेच!"