दाईचं कलम

गोजराला बाळंतपणासाठी अनसिंगला माहेरी आणलं, तेव्हा कपाशीची वेचणी चालू होती. मनकर्णाबाईची ही एकुलती एक लेक. नवरा, म्हणजे गावचा पाटील, वारल्यापासून शेती, गडीमाणसं, सरकारदरबार सगळं मनकर्णाबाईच पाहत आली होती. बाळंतपण करायला कुलसुमदाई आली. गावात निम्म्याहून जास्त लेकरं तिच्याच हातावर जन्मलेली, गोजरासुद्धा. मुलगी झाली, कुलसुमने नाळ कापली, साडीचोळी घेतली आणि हसत घरी गेली.

दोन दिवसांनी गोजराला हुडहुडी भरली. अंग तव्यासारखं तापलं. अंगारा झाला, काढा झाला. मग मनकर्णाबाईने बैलगाडी जुंपायला लावली आणि लेकीला वाशीमच्या दवाखान्यात नेलं. तिथे बायांसाठी डॉक्टरीण नव्हती. गोजरा परपुरुषाला हात लावू देईना. शेवटी तिला शुद्धच राहिली नाही, तेव्हा डॉक्टरांनी तपासलं आणि ते बाहेर आले.

"दाईच्या हातांतून विष आत गेलं," ते म्हणाले. "हात धुतले असते, नखं काढलेली असती, तर हे टळलं असतं."

संध्याकाळी गोजरा गेली. तान्ही पोर आजीच्या पदरात राहिली.

'टळलं असतं' हे शब्द मनकर्णाबाईच्या डोक्यातून जाईनात. देवाने नेलं म्हणून रडता येतं. टळलं असतं म्हटल्यावर माणूस रडत बसत नाही. तेरवी आटोपली आणि ती वाशीमला इंद्रभान वकिलांकडे गेली. पाटलांचा आणि वकिलांचा जुना घरोबा. एकोणीसशे सदतीसच्या निवडणुकीत इंद्रभान नागपूरच्या असेंब्लीत निवडून गेले होते. मनकर्णाबाईच्या नावावर जमीन होती, त्यामुळे तिलाही मत होतं, आणि ते तिने त्यांनाच दिलं होतं.

"बापू, तुमी तठी कायदे करता ना?" ती म्हणाली. "मंग बायांसाठी एक करा."

वकील शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या स्वतःच्या घरातही एक सून अशीच गेली होती, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला सांगितलं. महिन्याभरात त्यांनी मसुदा तयार केला. मोठ्या गावांच्या टापूत एकेक दवाखाना आणि तिथे शिकलेली सुईण. गरिबाच्या बाळंतपणाला पैसा पडू नये. आणि शिक्षण न घेतलेल्या दाईने बाळंतपण केलं तर दंड, पुन्हा केलं तर कैद. हे शेवटचं कलम मनकर्णाबाईने मागून घेतलं होतं.

"काकू, कैद जरा जास्त होते," वकील म्हणाले होते.

"माही पोरगी गेली ते जास्त नाई झालं?" तिने विचारलं. कलम राहिलं.

मग ती अर्जावर अंगठे गोळा करायला निघाली. असेंब्लीपुढे मसुदा गेला की मागे रयत आहे हे दिसायला हवं, असं वकिलांचं म्हणणं. उन्हाळाभर तिची गाडी गावोगाव फिरली. पोहरादेवीच्या जत्रेत ती झाडाखाली सतरंजी टाकून बसली. बाया ऐकायच्या, गप्प व्हायच्या आणि मग एकदम बोलायला लागायच्या. प्रत्येकीच्या घरात एक गोजरा होती. मालेगावच्या बाजारात एकीने अंगठा उमटवता उमटवता विचारलं, "बाई, दवाखाना होईन तं होईन. पन तठी जाऊ देनारा नवरा कोन्त्या कायद्यात भेटते?" सगळ्या हसल्या. मनकर्णाबाईही हसली, गोजरा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

प्रत्येक गावात ती लेकीची गोष्ट सांगायची, आणि गोष्टीत कुलसुमचं नाव यायचंच.

कायदा अजून नागपुरात कागदावरच होता, पण बातमी त्याच्या पुढे धावली. दाईला जेल होणार म्हणता म्हणता दाईला जेल झाली असं लोक बोलू लागले. पोळ्याच्या सुमारास, भर दुपारी, गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरचा सेवालाल मनकर्णाबाईच्या अंगणात येऊन उभा राहिला. पायात वहाण नाही, धाप लागलेली.

"पाटलीनबाई, माही सून कालपासून अडून राह्यली. दाई भेटत नाई."

"कुलसुम कुठी गेली?"

"घरीच हाय. येत नाई. म्हनते, पाटलीनबाईनं कायदा आनला, आता हात लावला का बेड्या." त्याचा आवाज चढला. "दाया तुमी बंद केल्या. आता दाई तुमीच द्या."

"वाशीमले न्या तिले."

"रस्ता पाह्यला ना तुमी? गाडीत टाकली तं अर्ध्या वाटेत मरन ते."

मनकर्णाबाईला तो रस्ता ठाऊक होता. गाडी आदळायची तेव्हा गोजरा कशी कण्हायची, तेही तिच्या कानात होतं. तिने गड्याला गाडी जुंपायला सांगितलं आणि स्वतः पायी मोमीनपुऱ्यात कुलसुमच्या घरी निघाली.

गोजराच्या मरणानंतर ती त्या घरी गेली नव्हती. कुलसुम ओट्यावर डाळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

"सेवालालची सून अडली हाय," मनकर्णाबाई म्हणाली.

"मी ते काम सोडलं."

"कुलसुम, जीव जाईन तिचा."

"शिकेल बाई येनार हाय ना तुमची सरकारी? तिले बलवा."

"ते अजून आली नाई."

"मंग ते येईलोक बायांनी बाळंत व्हाचं थांबवाचं काय?" कुलसुमने सूप खाली ठेवलं. "अख्ख्या तालुक्यात सांगतलं तुमी, कुलसुमनं गोजरा मारली म्हून. माह्या नातीची सोयरीक मोडली त्याच्यापायी. आन आज तेच हात मांगाले आल्या?"

रस्त्याने येताना मनकर्णाबाईने बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "तेच मांगाले आली."

कुलसुमने सूप बाजूला सरकवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी मी एका दुसऱ्या बाळंतिणीकून थेट तुमच्या घरी आली होती. तेबी तापली होती. मले काय मालूम, ताप हातावर बसून येते म्हून? माह्या मायनं जसं शिकवलं तसं मी केलं. डॉक्टरनं तुमाले सांगतलं. तुमी गावोगाव सांगतलं. मले सांगाले आलं काय कोनी? गोजरा काय माही दुश्मन होती?"

मनकर्णाबाई ओट्याच्या कडेवर टेकली. खरंच, हात धुवायचे असतात एवढं या बाईला सांगायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. गोजरा गेल्यानंतरही कुलसुम घरोघरी जात होती, त्याच हातांनी. ज्या बायांचे अंगठे मनकर्णाबाई घेत होती, त्यांच्याच घरी जात असेल.

"आता सांगाले आली," ती म्हणाली. "डॉक्टर जे बोलले ते सगळं सांगतो तुले. चाल."

कुलसुमने ओढणी डोक्यावर घेतली. मनकर्णाबाईने वाटेत घरून कारबोलिक साबणाची वडी उचलली. तान्ह्या नातीसाठी म्हणून ती दवाखान्यातूनच आणलेली होती. हलत्या गाडीत कुलसुमने नखं काढली. तांड्यावर पोचल्यावर सेवालालच्या बायकोने, गोमतीबाईने, पाणी खळखळ उकळलं. कुलसुमने कोपरापर्यंत हात घासले, आणि पुन्हा एकदा घासले, आणि झोपडीत गेली.

मनकर्णाबाई बाहेर बसली. आत मूल पायाळू होतं. कुलसुम कधी रागवायची, कधी गोंजारायची. तिचा आवाज मात्र एकदाही घाबरलेला वाटला नाही. मनकर्णाबाईला तो आवाज ओळखीचा होता. तिच्या स्वतःच्या वेणांत तोच तिच्या उशाशी होता. सूर्य कलता कलता पोर रडलं. गोमतीबाईने तिथेच मनकर्णाबाईला मिठी मारली.

पण मनकर्णाबाईचा जीव पुढच्या दिवसांत अडकला होता. ती रोज तांड्यावर जायची आणि बाळंतिणीच्या कपाळाला हात लावून पाहायची. ताप आला नाही. शेवटच्या खेपेला परतताना कुलसुम गाडीत सोबत होती. ती एकदम म्हणाली, "गोजराच्या येळी हे मालूम असतं तं..." आणि थांबली. माफ केलं असं मनकर्णाबाईला वाटलं नव्हतं, आणि खोटं तिला बोलायचं नव्हतं. पण कुलसुम उतरली तेव्हा उरलेला साबण तिने तिच्या हातात दिला.

त्याच आठवड्यात ती वाशीमला गेली.

"बापू, ते दाईचं कलम काढून टाका."

इंद्रभान वकिलांनी चष्मा काढला. "काकू, तुम्हीच मागितलं होतं ते."

"मीच मांगतलं. चुकलं माहं. शिकेल सुईन गावात येईन तवा दंड करा. तवरिक करू नका. आन ज्या दाया हायेत त्यायले बलवा, दोन महिने जेवू घाला आन शिकवा. शिकवल्याबिगर सजा कशाची?"

वकील खिडकीशी जाऊन उभे राहिले. "तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. शहरातले मेंबर आपल्या बाजूला आले ते या कलमामुळेच. त्यांना दाईचा राग आहे. दवाखान्यांचा खर्च म्हटला की ते तोंड फिरवतात. दाईला शिक्षा म्हटलं की हात वर करतात, कारण त्याला खर्च नाही. आणि..." ते अडखळले. "मी प्रत्येक भाषणात गोजराची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीवरच मसुदा इथवर आला."

"मंग गोष्ट पुरी सांगा ना," मनकर्णाबाई म्हणाली. "तांड्यावरचीबी सांगा. नाई तं माह्या पोरीचं नाव घेऊ नका."

"कलम काढलं तर मसुदा पडूही शकतो, काकू."

"अन ठेवलं तं? दवाखाने होतीन का नुसती जेल होईन?"

वकिलांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आधी जेल होईल," ते म्हणाले. "दवाखाने पैसा असेल तेव्हा."

मसुदा तेव्हा समितीकडे होता. वकिलांनी खटपट करून तिथल्या मेंबरांची आणि मनकर्णाबाईची भेट ठरवली. अकोल्याला आगगाडी बदलून ती नागपूरला गेली. मोठ्या खोलीत लांब टेबलाभोवती माणसं बसली होती. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. एका गृहस्थांनी फार अदबीने विचारलं, "दाईमुळे ज्यांची मुलगी दगावली, त्या आपणच ना?"

"मीच."

"मग त्या दाईला सोडा म्हणता? विचित्र वाटतं हो."

"मलेबी वाटते," मनकर्णाबाई म्हणाली. "तिले पाह्यलं का अजून गोजरा दिसते मले. पन साहेब, तुमचा कायदा माह्या रागावर नका बांधू. राग माहा हाय, मी सांभाळीन. रात-बेरात अडलेल्या बाईच्या हाकेले आज फक्त तेच जाते. तिले कोठडीत टाकलं तं हाकेले जाईन कोन? तुमी जासान?"

टोकाला बसलेल्या एका डॉक्टर मेंबरने नापसंतीने मान हलवली. अडाणी हातांना मोकळीक देणं त्याला पटत नव्हतं, आणि त्याने ते स्पष्ट सांगितलं. त्याचंही खोटं नव्हतं. त्याने असे ताप मनकर्णाबाईपेक्षा पुष्कळ जास्त पाहिले होते. बराच वाद झाला. अखेर कलम राहिलं, पण बदललं: सुईण नेमून वर्ष झालं असेल तिथेच दंड, कैद नाही; आणि आधी दायांसाठी वर्ग. समितीतल्या दोघांनी पाठिंबा काढून घेतला. तरी मसुदा पुढे सरकला.

आणि मग युरोपात लढाई पेटली. देशाला न विचारता लढाईत ओढलं म्हणून एकोणचाळीसच्या हिवाळ्यात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, असेंब्ली थांबली. इंद्रभान वकील वाशीमला परतले. मनकर्णाबाई भेटायला गेली तेव्हा ते मान खाली घालून बसले होते.

"जुनंच कलम ठेवलं असतं तर कदाचित वेळेत झालं असतं, काकू."

"झालं असतं," ती म्हणाली. "मंग काय झालं असतं, तेबी तुमाले मालूम हाय."

वाशीमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मात्र दायांच्या वर्गाची कल्पना आवडली होती. कायदा नसतानाच त्यांनी तालुक्याच्या लोकल बोर्डाच्या मागे लागून, दवाखान्याच्या मागच्या पडवीत तो वर्ग सुरू केला. पहिल्या तुकडीत मोजक्याच बाया आल्या. त्यात सगळ्यात म्हातारी कुलसुम. आठवड्याचे दिवस ती वाशीमला राहायची आणि बाजाराच्या गाडीने घरी यायची. दोन वर्षांनी बोर्डाने वर्ग बंद केला. अनसिंगला दवाखाना आला नाही. जवळपासच्या गावांत बाळंतपणात बाया कमी मरू लागल्या, असं लोक म्हणत. पण त्या टापूतून पुढे गेलं की सगळं पहिल्यासारखंच होतं.

सेहेचाळीस साली पुन्हा निवडणुका आल्या. इंद्रभान वकील थकले होते, उभे राहिले नाहीत. नवा उमेदवार, उकंडराव नावाचा तरुण शेतकरी, मत मागायला मनकर्णाबाईच्या ओसरीवर आला. कुलसुमही तिथे होती. तिच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून तिला मत नव्हतं. उकंडरावने फक्त मनकर्णाबाईला नमस्कार केला.

"मी देईन मत," ती म्हणाली, "पन पयले हिचं आयका. कायद्यात काय पाह्यजे ते हे सांगन."

उकंडराव गोंधळला. बाहेर त्याची माणसं खोळंबली होती. कुलसुम सरसावून बसली.

"बसा ना, साहेब," ती म्हणाली. "उभ्याउभ्या समजाची गोष्ट नाई हे."

त्याने एकदा दाराकडे पाहिलं, आणि मग टोपी काढून तो खाली बसला.