कबरींना घातलेला वळसा

कॉफी विकायची तर हातात फोन धरून शेताभोवती चालावं लागतं, हे नाबोसाच्या नवऱ्याला कुणी सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता. पण युरोपातल्या व्यापाऱ्याला आता प्रत्येक शेताचा नकाशा हवा होता. जंगल तोडून लावलेली कॉफी त्याला नको होती. मसाका शहराकडच्या बायकांचा गट दलालाला बाजूला सारून पहिल्यांदाच थेट परदेशी माल पाठवणार होता. नाबोसा हौसेनं चालली. पावलं पडतील तशी फोनवर रेघ उमटत गेली.

शेताच्या कोपऱ्यात, अगदी दिराच्या बांधाला चिकटून, सासऱ्याची आणि नवऱ्याची कबर. कबरीवर पाय कोण देईल? तिनं आतून वळसा घातला. आपण काय केलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

आलं ते दिराच्या. सेम्पिजानं आठवड्याभरात त्या वळशावरच हद्दीची झुडपं रोवली. कबरी आणि भोवतालची कॉफीची झाडं त्याच्याकडे.

"वहिनी, तुम्हीच तर चालून दाखवलंत! फोन काय माझा नोकर आहे?"

"भावजी, ती झाडं यांनी लावलीत. हे इथंच आहेत."

"मग? भाऊ माझाच होता ना?"

नाबोसाच्या अंगाची लाही लाही झाली. या मेल्यानं कबरीवरचं गवतसुद्धा कधी उपटलं नव्हतं.

गटाचे नकाशे करणारी किसाक्ये धावत आली. "मावशी, पुन्हा चाला. नकाशे आज संध्याकाळी व्यापाऱ्याकडे जातात. एकदा गेले की सगळे तीच हद्द धरतील. पण कोपरा आत घ्यायचा तर कबरींच्या पलीकडून जायला हवं."

बांधापलीकडे सेम्पिजा हाताची घडी घालून उभा. "बांधाच्या इकडे माझ्या जमिनीत पाऊल टाकायचं नाही, सांगून ठेवतो."

म्हणजे वाट एकच उरली, बांधाच्या अलीकडून, थेट कबरींवरून. ती धजणार नाही याची त्याला खात्री होती, म्हणून तर हसत होता.

नाबोसानं चपला काढल्या. सासरा जिवंत असताना टेकायची तसे गुडघे टेकले आणि ती कबरीवर चढली.

सेम्पिजाचं हसू मावळलं. "लाज नाही वाटत? बाप आहे तो माझा!"

"आज आठवला?"

मग नवऱ्याची कबर. माती अजून पुरती बसली नव्हती. टाच आत रुतली. किसाक्येनं हात पुढे केला, तिनं घेतला नाही. "अहो, जरा सोसा," ती पुटपुटली आणि पुढे गेली.

फोनवर रेघ पुरी झाली. कोपरा आत आला. किसाक्ये आनंदानं दाखवू लागली, पण नाबोसा पाहायला थांबलीच नाही. ती मागे फिरली आणि कबरीशी बसून स्वतःच्या पावलांचे ठसे तळहातानं पुसत राहिली, हुंदके देत.