डोंगर चढण्यापुरतं डिझेल

मित्रांनो, अंगावर दोनच शब्द असलेली मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. वर पेट्रोल, खाली डिझेल. शेजारी खिळे, आणि खिळ्यांना टांगलेले आकडे. पोर्तुगालच्या अगदी कडेला आमचं फ्रेशेदा गाव आहे. त्या गावच्या एकुलत्या एका पंपासमोर मी उभी आहे.

मला लुदोविनाच्या वडिलांनी रंगवलं. ते गेल्यावर पंप लुदोविनाकडे आला. रोज सकाळी ती फडक्यानं माझं तोंड पुसायची आणि आकडे बदलायची. तेव्हा मी काय तोऱ्यात असायचे! येणारा जाणारा आधी मला बघायचा, मग तिला नमस्कार करायचा.

पण डोंगर ओलांडला की स्पेन, आणि तिथं डिझेल स्वस्त. आमच्या गावाला एक खोडच लागली. रविवारी चर्च सुटलं की गाड्यांची रांग डोंगराकडे. टाक्या भरायच्या, डबे भरायचे, संध्याकाळी परत. बरं, तिकडे पोचायला तरी डिझेल हवंच ना? मग शनिवारी सगळे आमच्या दारात!

"ताई, पाच युरोचं घाल. डोंगर चढण्यापुरतं," असं म्हणणाऱ्यांत पहिला कोण, तर तिचा सख्खा धाकटा भाऊ, एवारिस्तो.

"लाज वाटते का रे तुला?"

"तुझी पाटी बघितली की छातीत धडधडतं गं. तुझं डिझेल काय द्राक्षं पिळून काढतात?"

"मेल्या, कर लावणार लिस्बनवाले आणि शिव्या खाणार मी! टायरात हवा मात्र माझ्याकडचीच भरतोस, फुकटची."

एवारिस्तो हसायचा. रविवारी येताना तिच्यासाठी तिकडच्या गोड गोळ्या आणायचा, मूठभर. ती तोंडानं शिव्या द्यायची आणि हातानं गोळी सोलायची. फार जीव होता हो दोघांचा एकमेकांवर. म्हणून तर मला जास्त लागतं.

लोक माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "बघा, लूट!" मी तर खरा तोच भाव सांगत होते. पण माझ्यावर लिहिलेलं तेवढंच त्यांनी वाचलं. हा पंप रात्रीअपरात्री, पावसापाण्यात दाराशी आहे, हे लिहायला माझ्यावर जागा कुठे होती?

पाच-पाच युरोंवर पंप कसा चालणार? वसंतात लुदोविनानं कुलूप लावलं. त्या दिवशी तिनं आकडे काढलेच नाहीत. पाववाला बेल्मिरो म्हणाला, "ताई, आता शनिवारी आम्ही कुठं जायचं?"

मग ऑगस्ट आला. एका शुक्रवारी दुपारी वरच्या पाइनच्या रानात आग लागली. बंबवाले दुसऱ्या खोऱ्यात अडकलेले. अशा वेळी आमच्याकडे ट्रॅक्टरला पाण्याची टाकी जोडून गावच आग विझवतं. टाकी पाण्यानं भरली, पण ट्रॅक्टर सुरू होईना. शुक्रवार होता ना! सगळ्यांचे डबे रविवारची वाट बघत कोरडे पडलेले.

एवारिस्तो डबा घेऊन धावत माझ्यापाशी आला. सवयीनंच आला बिचारा.

"ताई, घाल! कितीही घे, पण घाल!"

लुदोविनानं कुलूप उघडलं, नळी काढली, दाबली. दोन थेंब पडले. "नाही रे राजा," ती म्हणाली. "जमिनीखालची टाकीच रिकामी आहे."

"माझ्या मेंढ्या वर रानात कोंडलेल्या आहेत गं," तो म्हणाला आणि डबा टाकून पायीच पळत सुटला.

"एवारिस्तो, मागे फिर! मरू देत मेंढ्या!"

तो फिरला नाही. बऱ्याच वेळानं धुरातून मेंढ्या उतरल्या. लोकर करपलेली, पण साऱ्या जिवंत. माझ्यासमोरून गेल्या. लुदोविना शेवटच्या मेंढीच्या मागे बघत राहिली. मागे कोणी नव्हतं.

पत्र्याला रडता येत नाही, मित्रांनो. आलं असतं, तर माझे आकडे तेव्हाच वाहून गेले असते.

आता रविवारी बेल्मिरो तिच्यासाठी तिकडच्या गोळ्या आणतो. ती घेते, पण सोलत नाही. रोज सकाळी येऊन मला मात्र पुसते. परवा एक परक्या गावचा तरुण गाडी थांबवून मला वाचू लागला. माझे आकडे अजून वसंतातलेच, आणि स्पेनमधले भाव दरम्यान पुष्कळ चढलेत.

"मावशी, तुमच्याकडे तर तिकडच्यापेक्षा स्वस्त! टाकी भरून द्या की."

लुदोविनाचं फडकं माझ्यावरच थांबलं. "पंप बंद आहे, बाळा," ती म्हणाली. "पण खरंय तुझं. फार स्वस्त होतं."

मित्रांनो, भाव जरूर विचारा, त्यासाठीच तर मी जन्मले. पण गाव आपलं असेल, तर शनिवारी कधीतरी म्हणा, "ताई, पूर्ण भर."