धोट्याच्या डोळ्यातली तार

माह्या सासऱ्याच्या पाइपाची मले पहिल्या दिवसापासून किळस येते. विडीवाला माणूस विडी ओढते, थोटूक फेकते, मोकळा होते. ह्याइचं तसं नाही. ह्याइच्या पाइपाले अख्खा संसार लागते. तंबाखू दाबायले एक चपटी दांडी, आतली काजळी खरवडायले एक बोथट चाकू, भोक मोकळं करायले टोकदार सळी. अन् वरून त्या केसाळ तारा! बारीक तारेवर पांढरी लव गुंडाळलेली असते. ती पाइपाच्या नळीत घालायची, फिरवायची अन् ओढून काढायची. आत जाते तवा पांढरी, बाहेर येते तवा... थू! पिवळट काळं, चिकट, लाळ अन् डांबर एकाच ठिकाणी. लोकं म्हणे ती तार एकदा वापरून फेकून देतात. आमचे मामाजी ती खिडकीच्या गजाले अडकवून वाळवत अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा काढत. त्या खिडकीखाली बसून मी भाजी निवडणं सोडून देल्लं.

मामाजी, म्हणजे माहे सासरे वासुदेवराव, जवाहरनगरच्या फॅक्टरीत एका मोठ्या साहेबाचे शिपाई होते. साहेबाची बदली झाली तवा त्यानं आपला जुना पाइप डब्यासकट ह्याइले देऊन टाकला. रिटायर होऊन आंधळगावले घरी आले तं काय तो रुबाब! कोणी पाहुणा आला का आधी डबा उघडून एक-एक अवजार दाखवणार, चहा नंतर.

घरातला हातमाग मात्र सासूबाईचा. त्याइचं नाव रुखमिणी, मी आत्याबाई म्हणते. चाळीस वर्षं झाले, कोसा रेशीम विणून राहिल्या. मागावर धागा ज्याच्यात बसवून इकडून तिकडं फेकतात तो लाकडी धोटा. धोट्याच्या कडेले एक बारीक डोळा असते. आतली धाग्याची कांडी संपली का नवी लावायची अन् तिच्या धाग्याचं टोक त्या डोळ्यातून बाहेर काढायचं. सुईनं काढत बसलं तं कापड कधी होईन? म्हणून विणणारी बाई धोटा तोंडाले लावते अन् श्वास आत ओढते. धागा सुर्रकन ओठावर येते. आत्याबाई दिवसातून तीस-चाळीस खेप तसं करत.

दिवाळीनंतर त्याइचा ओठ आतून चुरचुरायले लागला. तिखट सोडा, गरम वरणही सहन होईना. माहा नवरा हेमराज अन् मी त्याइले भंडाऱ्याले घेऊन गेलो. डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं अन् विचारलं, "तंबाखू किती वर्षांपासून खाता?"

"मी कधी हातही लावला नाही," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरनं कापूस घेऊन ओठाच्या आतून पुसला अन् आमच्यासमोर धरला. कापसावर पिवळट डाग. "सगळे असंच सांगतात, आजी. आत पांढरा चट्टा आहे. आजपासून बंद करा. महिन्याभरात चट्टा गेला तर ठीक, नाही तर तुकडा काढून तपासावा लागेल."

घरी आलो तं मामाजीइनं पाइपात तंबाखू दाबता दाबता निकाल देऊन टाकला. "लपून तंबाखूचा खर्रा खाते. अजून काय? बायकाइचं असंच असते."

आत्याबाईचा मोठा भाऊ तोंडाच्या कॅन्सरनं गेला होता. त्याच्या शेवटच्या दिवसात आत्याबाई अन् धाकटा भाऊ ईश्वर, दोघाइनं त्याच्या पायाले हात लावून शपथ घेतली होती, का जन्मात तंबाखू तोंडात घालणार नाही. ईश्वरमामा कोंढ्याले राहतात, शेती करतात. रोज सकाळी त्याइचा फोन ये. "बाई, जेवली का? बाई, पाय दुखते का?" मामाजीइनं त्याच संध्याकाळी ईश्वरमामाले फोन लावला अन् सांगितलं, "तुही बहीण शपथ मोडून बसली बापा. डॉक्टरनं पकडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आत्याबाई फोन मागाजवळ ठेवून विणत, अन् वाजला का धडपडून उचलत. कधी गॅसवाला असे, कधी कोणाचा राँग नंबर. आठ दिवस असेच गेले.

एका दुपारी त्याइनं मले विचारलं, "मंजुषा, तुले तरी पटते का?"

"नाही वो आत्याबाई," मी म्हटलं.

मंग त्याइचा ओठ एवढा सुजला का धोटा तोंडाले लावणंच होईना. कापड तं अर्धवट. मी म्हटलं, सरका, आज मी बसते. कांडी बदलली, धोटा तोंडाले लावला, श्वास ओढला.

मायबाई! जिभेवर असं काही कडू, जळकं, बुळबुळीत आलं! धावत मोरीवर गेली, भडाभडा ओकली. अन् ओकता ओकताच चव ओळखली. लहानपणी दाढ दुखली का माही आई दाढेखाली तंबाखूची चिमूट दाबून देये. तोच तो कडूपणा, पण कोणाच्या तरी तोंडात सडून आलेला.

मामाजी अंगणात पाइप घेऊन बसले होते. मी धोटा समोर धरला. "मामाजी, ह्याले काय लागलं?"

"काय लागन? मीच तं रोज सकाळी साफ करतो." असे हसले जसं मी शाबासकी द्यायले आली. "रिकामा माणूस, म्हटलं तेवढीच मदत. डोळ्यात सुताचा भुगा अडकते ना. पाइप साफ झाला का हीच तार फिरवतो. लवेले सारा भुगा चिकटून येते. साहेबाची चीज आहे बाई ती!" अन् गजावरची काळी तार काढून, धोट्यात घालून, फिरवूनही दाखवली.

आत्याबाई माह्यामागं येऊन उभ्या होत्या. मी तोच धोटा मामाजीइच्या हातात देल्ला. "ओढा, मामाजी."

"त्यात काय आहे?" म्हणून त्याइनं ओढला. धागा ओठावर आला अन् तोंड कसंनुसं झालं. थू थू करत पाण्याच्या गुंडाकडं धावले, चार चुळा भरल्या. तीस वर्षं धूर गोड लागला, अन् त्याच धुराचा गाळ एक खेप सोसवला नाही! ही बाई रोज तीस खेप ओढत होती.

"आत्याबाई, तुमाले चव नाही कळली?" मी विचारलं.

"कडू लागे. यंदाचा कोसाच तसा असन म्हटलं." त्या म्हणाल्या. "तंबाखू कसा लागते, मले काय माहीत?"

मामाजी तोंड पुसत म्हणाले, "बरं झालं, कारण सापडलं. उद्या नवा धोटा आणू."

"ईश्वरले फोन लावा," आत्याबाई म्हणाल्या.

"आता कायले उगाच? बरी झाली का आपोआपच..."

"लावा."

चाळीस वर्षांत त्या असा आवाज काढून नवऱ्याशी बोलल्या नसन. मीच फोन लावला अन् स्पीकरवर ठेवला.

"ईश्वर, ते... धोट्यात काही घाण होती म्हणे," मामाजीइनं सुरुवात केली. "तिचा काही दोष नाही."

"कोणाची घाण, भाऊजी?"

मामाजीइनं माह्याकडं पाहिलं. मी नजर हटवली नाही.

"माही," ते म्हणाले. "माह्या पाइपाची."

तिकडं ईश्वरमामा रडायले लागले. धडधाकट शेतकरी माणूस, पण हुंदका आवरत नव्हता. "बाईले फोन द्या. मले माफी मागू द्या." मी फोन आत्याबाईसमोर धरला. त्याइनं हात मागं घेतला.

"एकानं सांगितलं, दुसऱ्यानं मानलं," त्या म्हणाल्या. "मले येऊन कोणी विचारलं?"

मीही नव्हतं विचारलं. डॉक्टरकडून आलो त्याच दिवशी, त्या आंघोळीले गेल्या तवा, मी त्याइची पेटी उपसून खर्ऱ्याची पुडी सापडते का पाहिलं होतं.

"मंजुषा, ठेव तो फोन," आत्याबाई म्हणाल्या. मी ठेवला.