चाकामागचा दगड

वडनेर भोलजीच्या पंजाबराव पाटलांनी मोटार घेतली, तेव्हा गावाला मोटारीपेक्षा पाटलांचंच जास्त नवल वाटलं. चाळिशी उलटलेला, घोड्यावर बसला तर घोड्याचीच कीव यावी असा भारदस्त गडी, आणि तो म्हणे स्वतः मोटार हाकणार! पण हौसेला मोल नसतं. मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमधला म्हातारा ड्रायव्हर चार दिवस पाटलांकडे येऊन राहिला, चारही दिवस कोंबडी खाऊन गेला आणि जाताना बजावून गेला, "पाटीलसाब, चालवाले कोनीबी शिकते. उभी कराले शिका. इंजन बंद, हातब्रेक पुरा ओढायचा, गिअरमधी टाकायची, आन् उतार असला तं चाकाले दगड. मंगच खाली पाय ठेवायचा."

यातलं इंजन-हातब्रेकचं पाटलांना पटलं, गिअरचं सोसलं नाही आणि दगडाची त्यांना लाज वाटली.

सोसलं नाही, त्याला कारण होतं. एकदा मारुतीच्या पारासमोर मोटार गिअरमध्ये उभी आहे हे ते विसरले, तशीच सुरू करायला गेले, आणि मोटारीनं वासरासारखी उडी घेतली. पारावरची माणसं पोट धरून हसली. त्या दिवसापासून पाटलांनी उभी मोटार कधी गिअरमध्ये ठेवली नाही. माणूस हसण्याला जेवढा भितो तेवढा मरणालाही भीत नाही, हे काही खोटं नाही.

राहिला दगड. तो निवृत्तीचा होता. निवृत्ती तीस वर्षं पाटलांच्या घरचा गाडीवान. कापसाच्या गाड्या घेऊन खामगावच्या बाजारात जाणारा. चाकाला दगड लावल्याशिवाय गाडीपासून दोन पावलं लांब गेला नाही. मोटार आली तसा तो बैलांच्या मागून उठून मोटारीत पाटलांच्या शेजारी येऊन बसला, आणि येताना आपला दगड घेऊन आला. काळा, एका अंगानं सपाट, गोणपाटात गुंडाळलेला. मोटार थांबली की हा उतरणार, दगड लावणार, वर पायानं दाबून पाहणार. पाटील तोंड फिरवत. एवढी हजारांची मोटार, आणि तिच्या चाकाला वावरातला धोंडा!

त्या वैशाखात पाटलांच्या लेकीसाठी, कोकिळेसाठी, बुलढाण्याचं स्थळ आलं. शेषराव वकिलांचा मुलगा, नागपूरला कॉलेजात शिकलेला. एवढं मोठं स्थळ पाटलांच्या सात पिढ्यांत आलं नव्हतं. वकिलांचा निरोप होता, "आमच्या आईंना या उन्हात घाट उतरवत नाही. मुलीला घेऊन तुम्हीच या." कोकिळेची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. म्हणून आत्या शालूबाई सोबत निघाली. मागे आत्या-भाची, पुढे पाटील आणि निवृत्ती, आणि निवृत्तीच्या पायाशी दगड.

राजूरच्या घाटात मोटार दोनदा तापली. दोन्ही वेळा निवृत्तीनं मागच्या चाकामागे दगड लावला आणि पाण्याचा डबा घेऊन समोर गेला. तिथं बघायला माकडांशिवाय कुणी नव्हतं, म्हणून पाटील काही बोलले नाहीत.

वकिलांचं घर बुलढाण्यात चढावर होतं. मोठं आवार. वरच्या अंगाला घराच्या पायऱ्या आणि खालच्या अंगाला, जिथं ऊन दिवसभर राहतं तिथं, दहा-बारा खाटांवर धोतरं अंथरून वर्षाच्या कुरडया वाळत घातलेल्या. मोटारीचा आवाज ऐकून शेषराव पायऱ्यांवर आले. सोबत कचेरीतले दोघंतिघं कोट-टोपीवाले. शेजारच्या गच्चीवर बाया उभ्या राहिल्या. पाटलांनी मोटार थेट पायऱ्यांपाशी नेऊन उभी केली, तोंड वर, पाठ उताराला. एका हातानं हातब्रेक ओढला आणि दुसऱ्या हातानं नमस्कार केला. ब्रेकच्या दांड्याचे दोन दात कटकट वाजले. आणखी चार वाजायला हवे होते. पण वकील हात पुढे करून येत होते, आणि व्याह्यांना ताटकळत ठेवून ब्रेक ओढत बसणं पाटलांना बरं दिसलं नाही.

निवृत्ती उतरला. दगड घेऊन मागच्या चाकापाशी वाकला.

पाटलांच्या अंगाची आग झाली. मोटारीला वळसा घालून ते मागे आले आणि दात आवळून म्हणाले, "काढ तो दगड! बैलगाडी हाय का हे?"

"पाटील, उतार हाय..."

"डिप्टीसायबाच्या मोटारीले कोनी दगड लावते काय? काढ म्हनलं ना बे!"

निवृत्तीनं दगड उचलला आणि भिंतीशी नेऊन ठेवला. पदर सावरत उतरणाऱ्या कोकिळेनं हे सगळं ऐकलं. पाटलांना वाटलं, तिचं लक्ष नाही. आपल्या लाजेच्या वेळी आपल्या लेकरांचं लक्ष नसतं असं बापांना नेहमीच वाटतं.

पाय धुवायला पाणी आलं. पाटलांनी एक पाय धुतला, दुसरा पुढे केला, आणि मागे काहीतरी कुरकुरलं. वळून पाहिलं तर मोटार चालली होती. कुणी नसताना, मुकाट, पाठमोरी. आधी हळू, मग उताराची चव लागल्यासारखी भरभर. पहिली खाट मोडली, दुसरी मोडली. कुरडयांचा कडकड आवाज झाला. आणि शेवटच्या खाटेशी, कावळे हाकायला काठी घेऊन, मोटारीकडे पाठ करून वकिलांची आई वच्छलाबाई बसलेली होती. तिला ऐकू कमी येई.

पाटलांचा ओला पाय तसाच हवेत राहिला.

निवृत्ती धावला. भिंतीशी ठेवलेला दगड त्यानं उचलला कधी, खाटांमधून वाट काढली कधी, कुणाला दिसलं नाही. चालत्या चाकामागे त्यानं दगड घातला, तो सुटला, त्यानं पुन्हा दोन्ही हातांनी कोंबला. मोटार हादरली आणि थांबली. वच्छलाबाईच्या पाठीत आणि मोटारीत एका खाटेचं अंतर उरलं होतं. निवृत्तीच्या डाव्या हाताची दोन बोटं दगडाखाली होती.

माणसं धावली, मोटार ढकलली, हात मोकळा केला. निवृत्तीनं मुंडासं सोडून हाताला गुंडाळलं. ते भराभर लाल झालं. शेषराव घामानं डबडबून पाटलांना म्हणाले, "अहो, हे झालं कसं?"

खरं सांगायला हीच वेळ होती. पाटलांनी वकिलांकडे पाहिलं, कोट-टोपीवाल्यांकडे पाहिलं, गच्चीवरच्या बायांकडे पाहिलं. आणि म्हणाले, "ह्या गड्यानं दगड लावला नाही जी."

वड्याचं तेल वांग्यावर काढणारे पुष्कळ असतात. पण ज्या वांग्यानं नुकतीच आपली लाज राखली, त्याच्यावरच काढणारे थोडे. पाटलांनी निवृत्तीकडे पाहायचं टाळलं. पण निवृत्तीनं मान खाली घालून म्हटलं, "हाव जी. माह्याकडूनच इसरलं." ते शब्द पाटलांच्या कानात तापल्या शिशासारखे उतरले.

सगळे आत आले. निवृत्ती बाहेर पायरीवर बसला. शेषरावांनी पाटलांना लोडाशी बसवलं आणि म्हणाले, "एक सांगतो पाटील. तुमचं वागणं मला आवडलं. एवढा घोटाळा केला गड्यानं, दुसरा असता तर चाबूक काढला असता. तुम्ही ब्रसुद्धा काढला नाही. अशा घरची मुलगी आमच्या घरात येणं हे आमचं भाग्य."

कोट-टोपीवाल्यांनी माना डोलावल्या. पाटलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातला चहा कडू लागत होता. उठावं, खरं सांगावं, असं दोनदा मनात आलं. पण स्थळ जुळत आलं होतं, आणि खुद्द त्या खोट्यावरच जुळत आलं होतं. आता बोललो तर पोरीचं नशीब आपल्याच हातानं मोडायचं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ते गप्प बसले, आणि गप्प बसल्याची लाज आधीच्या लाजेवर चढली.

मग कोकिळेला बैठकीत आणलं. ती पाटावर बसली. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. "मराठी सहावी," ती म्हणाली. वच्छलाबाई काठी टेकत येऊन अगदी समोर बसली, ऐकू यावं म्हणून कानामागे हात धरला आणि तिच्याकडे टक लावून पाहू लागली. वातावरण हलकं करावं म्हणून शेषराव हसत म्हणाले, "आणि काय गं, तुमच्याकडचे गडी सगळे असेच विसरभोळे का?"

दाखवायला आणलेल्या मुलीनं अशा वेळी खाली मान घालून हसायचं असतं. कोकिळा हसली नाही.

"निवृत्तीकाका इसरत नाहीत," ती म्हणाली. "त्यायनं दगड लावला होता. बाबांनी काढाले लावला."

आत्याच्या हातातला पंखा थांबला. कोकिळेनं मान खाली घातली नाही. शेषरावांचं हसू तोंडावरच वाळलं. त्यांनी पाटलांकडे पाहिलं.

"पाटील, खरं का हे?"

नाही म्हणावं तर पोरगी खोटी, आणि तीही तिच्या सासरच्या उंबऱ्यात. हो म्हणावं तर आपण. आयुष्यात पहिल्यांदा पाटलांना पळून जावंसं वाटलं. बाहेर पायरीवर निवृत्तीची पाठ दिसत होती, आणि लाल झालेलं मुंडासं.

"खरं हाय," पाटील म्हणाले. आवाज आपला नसल्यासारखा आला. "दगड मी काढाले लावला. हातब्रेक मी पुरा ओढला नाही. गिअरमधी टाकली नाही. लोकं पाहून राह्यले होते, मले लाज वाटली. त्याचा काही कसूर नाही. त्याच्या बोटायले मीच जबाबदार हाव." आणखी काही बोलायचं होतं, पण डोळे भरून आले आणि एवढा भारदस्त माणूस भर बैठकीत धोतराच्या सोग्यात तोंड लपवून बसला.

 शेषरावांनी घसा साफ केला. "मग... कळवतो आम्ही," ते म्हणाले. हे शब्द मुलीच्या बापाला समजावून सांगावे लागत नाहीत.

निघताना निवृत्तीच्या हाताला हळद लावून स्वच्छ पट्टी बांधलेली होती. ती वच्छलाबाईनं स्वतः बांधली होती. मोटारीच्या चाकाखाली दगड तसाच होता. काढायचा कुणी? निवृत्तीचा हात गळ्यात. पाटलांनी आधी हातब्रेक ओढला, मग वाकले आणि गच्चीवरच्या सगळ्या बायांदेखत त्यांनी धोंडा दोन्ही हातांनी उपसून काढला. त्याच्या सपाट अंगावर रक्त लागलेलं होतं.

वच्छलाबाई काठी टेकत मोटारीपाशी आली. "इकडं पाह्य पाटील," ती म्हणाली. "आमचा शेषा वकील हाय, तो विचार करत बसन. मी नाही करत. पोरगी आमाले पसंत हाय. एवढ्या लोकायत खरं बोलनारी सून मले दुसरी कुठं भेटन? पण साखरपुड्याले येशीन तवा बैलगाडीनं ये. आन् गाडी त्यालेच हाकू दे." तिनं काठीनं निवृत्तीकडे दाखवलं.

पाटलांनी वाकून तिचे पाय धरले. आनंद व्हायला हवा होता. पण जे मागायला आले होते ते मिळालं होतं पोरीच्या पुण्याईवर आणि गड्याच्या बोटांवर. त्यांचं स्वतःचं त्यात काही नव्हतं.

परत घाट उतरताना निम्म्यात ब्रेकचा जळका वास सुटला. पाटलांनी मोटार डोंगराच्या बाजूला घेतली. इंजन बंद केलं. हातब्रेक ओढला, दात मोजत, पार शेवटापर्यंत. गिअर टाकला. मग सवयीनं बसून राहिले, कुणीतरी उतरेल म्हणून. कुणी उतरलं नाही. पाटलांना उमगलं. ते खाली उतरले, निवृत्तीच्या पायाशी ठेवलेला दगड घेतला, मागच्या चाकामागे नीट लावला आणि निवृत्ती करायचा तसा पायानं दाबून पाहिला.

"पाह्य रे निवृत्ती," ते हळूच म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी त्याला कधी काही विचारलं नव्हतं. "बरोबर लावला का?"

निवृत्तीनं खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं.  पाटलांची चूक सांगायची सवय त्यालाही नव्हती.

"पाटील," तो शेवटी म्हणाला, "तवा आपन चढत होतो. आता उतार समोर हाय. दगड पुढच्या चाकापुढं लावा लागते."

मागे कोकिळा खुदकन हसली आणि लगेच पदरानं तोंड झाकलं. पाटलांचे कान तापले. त्यांनी दगड उचलला आणि पुढे जाऊन, गुडघे टेकून, पुन्हा लावला.