उसातल्या मोहऱ्याला बाहेरचं दिसतं का?

मंचरच्या पेठेत झुंबरलाल शेठच्या कापडदुकानावर एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथं साड्यांचे गठ्ठे असत. आता दर रविवारी दुपारी तिथं लढाया होतात. शेठचा नातू संयम पुण्याला शिकायला होता, तिथून तो हा खेळ घेऊन आला. टेबलावर प्लायवूडची जमीन मांडायची, तिच्यावर बोटाच्या पेराएवढे रंगवलेले मोहरे उभे करायचे, पट्टीनं मोजून ते पुढं सरकवायचे आणि वार लागला की हुकला हे फासे टाकून ठरवायचं. शेठ कधी वर आले तर दारातूनच म्हणायचे, "चालू द्या, चालू द्या. भातुकली आटपली की खाली या. गिऱ्हाईक खोळंबलंय."

खिडकीजवळच्या खुर्चीत सावळेराम नाना बसायचे. ते अवसरी बुद्रुकचे, वाचनालयाच्या नोकरीतून निवृत्त झालेले. स्वतः कधी खेळत नसत. पण खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनीच मराठीत उतरवलं होतं, त्यामुळं नियमावरून जुंपली की सगळे त्यांच्याकडं वळायचे. नानांना त्याचा धसकाच होता. वाचनालयात कुणी पुस्तक मागितलं तरी "हेच हवं होतं ना?" असं दोनदा विचारून मग शिक्का मारणारा हा माणूस. इथं तर शिक्का मारला की कुणाचा तरी मोहरा मरायचा. नाना दोन्ही पुस्तकं चाळायचे, चष्मा पुसायचे आणि शेवटी हळूच म्हणायचे, "मला आपलं असं वाटतं बरं का. चुकतही असेन."

मूळ पुस्तकात जंगलाचे नियम होते. पण त्या जंगलातली झाडं इथं कुणी पाहिलेली नव्हती. इथं खेळायला येणाऱ्या अवसरीच्या सुदर्शनची बायको स्नेहल हाताची फार कसबी. तिनं खराट्याच्या काड्या हिरव्या रंगवून प्लायवूडवर ओळीनं रोवून दिल्या, आणि त्या दिसल्या हुबेहूब उसासारख्या. तेव्हापासून टेबलावर जंगलाच्या जागी ऊस आला. नानांनीही मराठी पुस्तकात जंगलाचं सगळीकडं ऊस करून टाकलं. आपण असं करायला नको होतं, असं त्यांना नंतर पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

त्या रविवारी टेबलाच्या एका बाजूला सुदर्शन होता आणि दुसऱ्या बाजूला त्याचा चुलतभाऊ शौर्य. एरवी हे दोघं खेळायला बसले की खोलीत हसून हसून पुरेवाट व्हायची. आज खोलीत फक्त फाशांचा आवाज होता. संयम मध्येच म्हणाला, "काय राव, मयतीला बसल्यासारखं खेळताय."

नानांना कारण माहीत होतं. अख्ख्या अवसरीला माहीत होतं. दोघांची विहीर एक, मोटार एक, मधला बांध एक. शेतीची वीज आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री अशी आलटून पालटून यायची. रात्रीचा आठवडा आला की दोघं जोडीनं जायचे. एकानं दारं धरायची, म्हणजे एका सरीचं पाणी तोडून दुसरीला लावायचं, आणि दुसऱ्यानं बांधावर बॅटरी मारत त्याच्या पाठीशी उभं राहायचं. उसाच्या मुलखात एकट्यानं दारं धरायला जायचं नाही, हे पोरासोरांनाही कळतं. बिबट्याला इकडं वाघच म्हणतात, आणि वाघ आता डोंगरात राहत नाही, उसात राहतो. तिथंच त्याची मादी व्यायते, तिथंच पिलं वाढवते.

शौर्यनं महिन्यापूर्वी वनखात्याच्या लोकांना सांगून बांधावर पिंजरा आणवला. सुदर्शनला विचारलं नाही. पिंजऱ्यात शेळी बांधली, आणि चार दिवसांत एक मादी अडकली. गाडी येऊन तिला घेऊन गेली. पण तिच्या मागोमाग दुसरा आला. दिवस कलला की उसातून लाकडावर करवत ओढल्यासारखा आवाज यायचा. सुदर्शन म्हणाला, "शेळीच्या वासावर लांबचा वाघ आमच्या दारात आणून बसवलास." शौर्य म्हणाला, "मग काय पोरंबाळं उचलून न्यायची वाट बघायची व्हती?" त्या दिवसापासून, म्हणजे गेला आठवडाभर, बोलणं बंद होतं. आणि रात्रीचा आठवडा आजपासून सुरू होत होता.

डावातली शेवटची खेळी आली तेव्हा शौर्यचा एकच मोहरा उरला होता: बंदूकवाला, काड्यांच्या उसात पार आत उभा केलेला. सुदर्शनचा सरदार उसाबाहेर मोकळ्यावर उभा होता; तो पडला तर सुदर्शन हरला, उभा राहिला तर शौर्य.

"बंदूक झाडतो," शौर्य संयमकडं बघून म्हणाला. भावाशी तो संयममार्फतच बोलत होता.

"कशी झाडतो?" सुदर्शन म्हणाला. "संयमभाऊ, त्याला सांग. उसातला मोहरा मला दिसत न्हाई, म्हणून मला त्याच्यावर वार करता येत न्हाई. बरोबर? मग त्याला तरी मी कसा दिसतो?"

"तुला दिसत न्हाई एवढंच लिहिलंय. मला दिसत न्हाई असं कुठं लिहिलंय?"

"दिसतं असं तरी कुठं लिहिलंय?"

दोघंही थांबले आणि नानांकडं वळले.

नानांनी मराठी पुस्तक उघडलं. उसात असलेला मोहरा बाहेरून दिसत नाही. जो दिसत नाही त्याच्यावर वार करता येत नाही. एवढंच. इंग्रजीतही एवढंच होतं. लिहिणारानं बाहेरच्या माणसाचा विचार केला होता, आतल्याचा करायचा राहून गेला होता. संयमनं मोबाईलवर शोधलं. "नाना, ह्याच्यावरनं साऱ्या जगात भांडणं झालीयेत. निम्मे म्हणतात दिसतं, निम्मे म्हणतात नाही दिसत."

"मग बरोबरीत सोडवा की," नाना म्हणाले. "नाहीतर एक फासा टाका."

"तसं न्हाई चालणार नाना." सुदर्शननं प्रथमच मान वर केली. "तुमीच लिहिलंय, वाद झाला तर न खेळणाऱ्यानं निकाल द्यायचा. आणि आज साधा डाव न्हाई. आमचं ठरलंय. हरला त्यानं आठवडाभर दारं धरायची. एकट्यानं."

खाली शेठ कुणाला तरी झंपरपीस दाखवत होते, त्यांचा आवाज जिन्यातून वर येत होता.

"अरे, असं काय ठरवता?" नाना म्हणाले. "एकट्यानं कशाला?"

"त्याच्यासंगं मी जायचा न्हाई," शौर्य म्हणाला.

"आणि त्यानं येऊ बी नये," सुदर्शन म्हणाला. "ऊस वाळायला लागलाय. कुणीतरी गेलंच पाहिजे. द्या निकाल."

नानांनी चष्मा पुसला. दिसत नाही म्हणालो तर शौर्य जाणार. दिसतं म्हणालो तर बहुधा सुदर्शन. शौर्य अजून बिनलग्नाचा, सुदर्शनची पोरगी आता कुठं चालायला लागलेली. मग शौर्यला पाठवायचं का? त्याच्या आईला काय सांगायचं? नानांनी मनातून ही सगळी माणसं बाजूला सारायचा प्रयत्न केला. आपल्याला विचारलंय ते एवढंच: आतल्याला बाहेरचं दिसतं का? लहानपणी ते स्वतः बापाचा मार चुकवायला उसात लपत. खालच्या वाळल्या पाल्यात, पाचटात, पोटावर पडलं की बांधावरून फिरणारे बापाचे पाय स्पष्ट दिसायचे. बाप चार हातांवर येऊन हाका मारायचा आणि त्याला पत्ता नसायचा.

"दिसतं," नाना म्हणाले. या वेळी त्यांनी 'चुकतही असेन' म्हटलं नाही, आणि ते म्हटलं नाही हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं. "उसात बसलेल्याला बाहेरचं दिसतं. बाहेरच्याला आतलं दिसत नाही."

शौर्यनं फासे टाकले. बार लागला. सुदर्शननं आपला सरदार दोन बोटांनी आडवा केला.

"बरोबर आहे नाना," तो म्हणाला. "आतल्याला दिसतं." तो हसला, पण ते हसणं बघून नानांना बरं वाटलं नाही. खाली सुदर्शनची मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला तेव्हा शौर्य मोहरे डब्यात भरत होता. आपण मारलेला भावाचा सरदारही त्यानंच कापसात गुंडाळून ठेवला.

नाना एसटीनं अवसरीला उतरले तोवर दिवस बुडायला आला होता. त्यांची वाट सुदर्शनच्या दारावरून जाते. स्नेहल पोरीला कडेवर घेऊन ओट्यावर उभी होती.

"नाना, निकाल तुमी दिलात म्हणं."

नानांनी मान हलवली.

"बाहुल्यांचा खेळ तुमचा, आणि माझा माणूस उसात. लई हुशार हो तुमी." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मी म्हणलं, मी येते संगं, पोरगी आत्याबाईंपाशी ठेवते. तर म्हणाले, हरलोय मी, तू न्हाई. ह्या काड्या मीच रंगवून दिल्या व्हत्या. हात मोडले असते तर बरं झालं असतं."

"लाईट आली का?" नानांनी विचारलं.

"आत्ताच आली. मोटार ऐकू येतीय की."

नाना घरी गेले नाहीत. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन पुस्तकं. ते तसेच शौर्यच्या घराकडं वळले. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत तीनदा जुळवलं आणि तीनदा मोडलं. शौर्य अंगणातच होता. मोटारीच्या आवाजाकडं तोंड करून, पायात चपला घालून, हातात बॅटरी घेऊन उभा होता. कुणीतरी ढकलावं म्हणून थांबल्यासारखा.

"चल," नाना म्हणाले.

"तोच म्हणाला येऊ नये म्हणून."

"त्याला नसेल दिसत तू आलेला. चल."

शेताची वाट दोन्हीकडच्या उसामधून जाते. कारखान्याची तोड सुरू झाल्यानं पलीकडची रानं मोकळी झाली होती. जे काही त्या रानांत होतं ते सरकत सरकत या उरलेल्या उसात आलं असणार, हे दोघांनाही माहीत होतं. पाचट वाजत होतं. वारा नव्हता.

विहिरीजवळ आल्यावर त्यांना उसाच्या पलीकडच्या टोकाला बॅटरीचा उजेड दिसला. उजेड हलत नव्हता.

"सुदा!" शौर्यनं हाक मारली. आठवड्यात पहिल्यांदाच.

उत्तर आलं नाही. मोटारीचा आवाज भरून राहिला होता. शौर्यनं पुन्हा हाक मारली, घसा फाटेल अशी.

"काय हाय?" सुदर्शनचा आवाज आला. चिडलेला, जिवंत. पण तो उजेडाच्या दिशेनं आला नाही. डावीकडून, विहिरीच्या बाजूनं, बराच अलीकडून आला. वाघाला माणूस तिकडं वाटावा म्हणून त्यानं बॅटरी पलीकडच्या बांधावर खुंटीला अडकवली होती आणि तो अंधारात वाकून दारं धरत होता.

नानांनी उजेडाकडं बघितलं, मग आवाजाच्या दिशेनं. आणि मग त्या दोहोंच्या मध्ये. उजेडाच्या पुढ्यातले उसाचे शेंडे एका ओळीत हलत होते. एक थांबला की पुढचा हलायचा. ओळ आवाजाच्या बाजूनं सरकत होती.

"शौर्य," नाना म्हणाले, आणि बोट दाखवलं.

शौर्य बोंब ठोकत सरीत घुसला. बॅटरी डोक्यावर धरून, पाण्यातून फटाफट पाय मारत, तोंडाला येईल त्या शिव्या देत तो धावला, आणि त्या शिव्या वाघाला होत्या की भावाला हे ऐकणाऱ्याला सांगता आलं नसतं. "बाहेर ये! सुदा, माझ्याकडं ये! मागं बघू नगं!" नानांनी पिशवीतलं जाड पुस्तक काढलं आणि विहिरीवरच्या पत्र्यावर ते जीव खाऊन आपटायला लागले. आयुष्यात त्यांनी पुस्तक कधी जमिनीवर ठेवलं नव्हतं.

शेंडे हलायचे थांबले. ते परत मागं गेले नाहीत. नुसते थांबले.

दोघं भाऊ एकमेकांच्या दंडाला धरून बाहेर आले. सुदर्शन गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला होता, फावडं आतच राहिलं होतं.

"तुझी पाळी नव्हती," तो धापा टाकत म्हणाला.

"गप चाल."

तिघं उसाकडं पाठ न करता, आडवे आडवे सरकत वाटेपर्यंत आले. मग सुदर्शन थबकला. "मोटार चालू राहिली. पाणी पलीकडच्याच्या गव्हात जाईल. बंद कराय पायजे."

स्टार्टरची पेटी विहिरीपाशी होती, फार लांब नव्हे. शौर्यनं भावाकडं बघितलं. दोघांनी नानांकडं बघितलं.

"वाहू द्या," नाना म्हणाले. "सकाळी मी सांगेन त्यांना. कुणी जायचं नाही."

ते सगळे वाटेनं थोडं पुढं गेले असतील नसतील, तोच वीज गेली. मोटार घरघरून थांबली, गावातले दिवे विझले, पलीकडच्या बांधावरची बॅटरी तेवढी आपल्या जागी जळत राहिली. आता सगळं ऐकू येत होतं: सरीतलं पाणी, सुदर्शनचा श्वास, आणि उजव्या हाताला, उसाच्या पहिल्याच ओळीत, त्यांच्या चालीनं चालणारं पाचट. तिघं थांबले की ते थांबायचं.

कुणी सांगितलं नाही, पण तिघंही एकदम मोठमोठ्यानं बोलायला लागले. सुदर्शन पोरीच्या दातांबद्दल बोलत होता, शौर्य ट्रॅक्टरच्या क्लचबद्दल. नाना काय बोलत होते ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं, पण गावाच्या पहिल्या घरापर्यंत त्यांनी आवाज खाली येऊ दिला नाही.