थंड टोकाला

"सापडली! चोर बाटली सापडली!" आई म्हणाली. तिचे डोळे मिटलेलेच होते.

दवाखान्यातल्या ध्यानाच्या खोलीत सगळेच डोळे मिटून बसले होते. मी तेवढी सोबतीला आलेली, म्हणून मागच्या बाकावर उघड्या डोळ्यांनी बसले होते. कुणाच्या तरी पिशवीत फोन वाजत होता. ध्यान शिकवणारी मुलगी गोंधळली.

"काकू, कसली बाटली?"

"तो फोन हो, ताई. तुम्हीच मुद्दाम वाजवलात ना? आम्ही जागे आहोत का बघायला?"

"नाही हो काकू. खरंच कुणाचा तरी वाजतोय."

आईच्या शेजारच्या खुर्चीवरचे निवृत्त बसचालक ओशाळून पिशवी चाचपू लागले. "माझा आहे. बायकोचा फोन."

"मग घ्या की," आई म्हणाली. "ध्यान थांबेल. बायको थांबायची नाही."

आईची सगळी नोकरी बाटल्यांच्या कारखान्यात झाली. उजेड सोडलेल्या पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसायचं. मधल्या पट्ट्यावरून बाटल्या सरकत राहायच्या. तडा, बुडबुडा, तिरकी मान, काहीही दिसलं की उजव्या हाताने ती बाटली उचलून खालच्या डब्यात टाकायची. तासन्‌तास बघून नजर शिणली की तिला सगळंच चांगलं दिसू लागतं. म्हणून मुकादम मधूनच एखादी खराब बाटली मुद्दाम रांगेत सोडायचा. तीच चोर बाटली. आपल्या हातून ती कधी सुटली नाही, असं आई सांगायची आणि माझा त्यावर विश्वास होता, कारण घरातही तिच्या नजरेतून काही सुटत नसे. कपाची कड, पडद्याची शिवण, माझी बसण्याची ढब. आणि सगळ्यात जास्त दादा.

दादाने कॉलेज अर्धवट सोडलं आणि तो बेकरीची गाडी चालवू लागला. मागे एकदा तो जेवायला आला होता. आईने आधी त्याच्या नखांत खोट काढली, मग कॉलरमध्ये, मग चमचा धरायच्या पद्धतीत, असं करत करत त्याला पार डब्यात टाकलं. तो ताटावरून उठला. "आई, तुझ्यासमोर बसलं की मला पट्ट्यावर उभं केल्यासारखं वाटतं," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो घरी आला नाही. फोन करायचा, तोही मलाच.

ध्यान डॉक्टरांनी रक्तदाबासाठी सुचवलं होतं. आईचं कारण निराळं होतं. ते तिने त्या दिवशी दवाखान्याचा जिना उतरताना सांगितलं.

"महिनाअखेरच्या रविवारी येतो म्हणालाय ना तो? आता गेला तर परत यायचा नाही. मला माझं तोंड आवरायला हवं." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "आणि तोंड आवरायचं तर आधी डोळे."

एखादं नवं यंत्र कसं चालतं ते बघावं, तशी ती स्वतःच्या मनाकडे बघू लागली. ध्यानाला बसली की मांडीवरचा तिचा उजवा हात आपोआप वर उठायचा, हवेतलं काहीतरी चिमटीत धरायचा आणि खाली सोडायचा. मी तिला ते सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. "हात माझा, आणि मला विचारत पण नाही!"

ताई सांगायच्या, "विचार येतील, जातील. नुसतं बघायचं. हात लावायचा नाही."

"वाईट असला तरी?"

"वाईट असला तरी."

"अहो, तडा गेलेली बाटली सोडून दिली तर कुणाच्या तरी घशात काच जाईल!"

ताई म्हणाल्या, "काकू, विचार कुणी पीत नाही."

घरी येताना कोपऱ्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा आई म्हणाली, "बोलून दाखवला की पितात."

एका सकाळी बटाटे सोलता सोलता तिने विचारलं, "दोन बाटल्यांच्या मधे फट असायची ग. तिच्यातून नुसता पांढरा उजेड यायचा. सगळी नोकरी त्याच्यासमोर काढली, पण तो काही मी कधी बघितला नाही. विचारांच्या मधे असते का तशी फट?"

"ताईंना विचार ना."

"त्यांना कशाला? मीच बघते की."

मन लवचिक ठेवा, हे ताईंचं वाक्य मात्र तिला सुरुवातीला पटलं नाही. मग एकदा स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "काच पण भट्टीतून येते तेव्हा मधासारखी लोंबते. ते कारखान्याचं गरम टोक. मी थंड टोकाला होते. माझ्यापर्यंत यायची ती कडक होऊनच."

महिनाअखेरच्या रविवारी दादा आला. काखेत पाव, अंगात कामावरचाच शर्ट. शर्टाचं मधलं बटण तुटलेलं होतं. ते मला आईच्या आधी दिसलं.

आम्ही जेवायला बसलो. दादाची नजर ताटात. आईची त्याच्यावर.

"तुझ्या शर्टाचं..." ती म्हणाली आणि थांबली. टेबलाखाली तिचा उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरलेला मला दिसला.

दादाने चमचा खाली ठेवला. "बोल. काय शर्टाचं?"

आईने श्वास घेतला. सोडला. "निळा आहे."

दादाने माझ्याकडे बघितलं. "हिला काय झालंय? बरी आहे ना?"

"बरी आहे."

"आई, शर्ट निळा आहे हे मला माहितीय."

"मी नीट बघितला नव्हता," आई म्हणाली. तिने त्याने आणलेला पाव हातात घेतला आणि हलकेच दाबला. पाव परत फुगला. "हे ताजे असतात तेव्हा गाडीत एकावर एक दाबले जात नाहीत?"

दादा तिच्याकडे बघत राहिला. आता चूक कुठे काढणार, याची तो वाट बघत असावा. पण आईला खरोखरच माहीत नव्हतं आणि तिला जाणून घ्यायचं होतं.

"एकावर एक नाही ठेवत," तो शेवटी म्हणाला. "ट्रे असतात. मधे हवा खेळती ठेवावी लागते, नाहीतर घाम सुटतो पावाला."

"पावाला घाम?"

"मग! गरम असतो ना. झाकला की सुटतोच."

"आणि वळणावर ट्रे सरकत नाहीत?"

"तेच तर कौशल्य आहे. ब्रेक मारायचाच नाही, आधीपासून हळू व्हायचं." तो हाताने वळण काढून दाखवू लागला. तोंडात घास होता, आवाज करत चावत होता. आई त्याच्या हाताकडे बघत होती. "असं सांगून नाही कळायचं. गाडी खालीच आहे."

"मग चल," आई उठलीच.

"जेवण?" मी म्हणाले.

"जेवण कुठे पळून जातंय?"

त्यानंतर आईला फार दिवस मिळाले नाहीत. त्या दुपारी आम्हाला ते ठाऊक नव्हतं. ती घरातल्या चपलांवरच जिना उतरली. दादाने पुढच्या सीटवरचं सामान मागे टाकलं, पायरी उंच होती म्हणून तिला कोपराला धरून वर चढवलं आणि दार दोनदा ओढून नीट लागलंय का ते बघितलं. मी खिडकीत उभी होते. गाडीच्या काचेमागे आई इतकी लहान दिसेल असं मला कधी वाटलं नव्हतं. गाडी सुरू झाली, कोपऱ्याच्या कितीतरी आधीच हळू झाली आणि वळली. दादा एका हाताने चालवत होता, दुसऱ्याने तिला काहीतरी समजावून सांगत होता, आणि ती त्याच्याकडे तोंड करून ऐकत होती.